गाळलेली चौकी

युद्धात बातमीचा दुष्काळ असतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी त्या तळघरातल्या कक्षात एक दुपार काढावी. ड्रोनची चित्रं, चौक्याचौक्यांचे निरोप, वरून सुटणारी फर्मानं, सगळ्या पडद्यांवर नुसती झुंबड. ब्रिगेडियरसाहेबांच्या नाकी नऊ आले, तेव्हा त्यांनी कर्नलला सांगून टाकलं, "मला एका वेळी तीनच गोष्टी दे. बाकीचं तू गिळ." कर्नल त्यांचा जुना दोस्त. त्या दिवसापासून त्याचं नाव पडलं गाळणी, आणि गडी ते मिरवायचाही.

त्या दिवशी गाळणीने टेबलावर तीन चिठ्ठ्या ठेवल्या. पूल शाबूत आहे, शत्रूची कुमक अजून लांब आहे, आपल्याकडे इंधन पुरेसं आहे. साहेबांनी राखीव तुकडी पुलावर झोकली. संध्याकाळी पूल हाती आला, वरून शाबासकी आली, सगळ्यांसाठी चहा आला.

वायरलेसवरचा हवालदार मात्र चहा न घेता समोर उभा राहिला. हातातली टोपी चाचपत म्हणाला, "साहेब, तुमचे जावई टेकडीवरच्या चौकीतून सकाळपासून मदत मागत होते, तरी तुकडी पुलावर पाठवायची, याला काळीज लागतं. दुपारनंतर तिकडून आवाज नाही. चौकी गेली."

साहेबांनी कप खाली ठेवला आणि गाळणीकडे पाहिलं.

गाळणीने मान खाली घातली नाही. "कळलं असतं तर तुम्ही डळमळला असता. पूल गेला असता."

"मी काय केलं असतं, ते तुला काय माहीत?"

"नव्हतं माहीत. म्हणूनच नाही दिलं."

साहेबांच्या अंगाची लाही लाही झाली. शत्रूने मारलं तर निदान शिव्या तरी घालता येतात. इथे दोस्तानेच केसाने गळा कापला होता, आणि वर म्हणे भल्यासाठी! तुकडी त्यांनी कदाचित पुलावरच पाठवली असती. कदाचित नाही. आता ते त्यांना स्वतःलाही जन्मात कळणार नव्हतं.

तेवढ्यात मुलीचा फोन आला. तिच्यापर्यंत बातमी आधीच पोचली होती. ती रडत नव्हती.

"बाबा, त्याने मदत मागितली होती म्हणे. तुम्हाला माहीत होतं?"

नाही म्हणणं सोपं होतं, आणि खरंही. पण मग तिचा नवरा कोणाच्या निर्णयाने गेला नव्हता, एक चिठ्ठी टेबलावर आली नाही म्हणून गेला होता. हे पोरीला कोणत्या तोंडाने सांगायचं?

"हो," साहेब म्हणाले. "माहीत होतं."

तिने फोन ठेवला.