छत्तिसावं पान

मी इंग्रजी शिकवणारं एक जुनं पुस्तक आहे, मित्रांनो. माझं कव्हर गेलंय, शिवण उसवलीय आणि मनही काही फार चांगलं उरलेलं नाही. तरी ऐका.

परदेशात वाढणाऱ्या नातवाशी बोलता यावं म्हणून एका बाईसाहेबांनी मला विकत घेतलं. दहा धडे पेन्सिलीने सोडवले आणि त्या कंटाळल्या. मग मळवलीच्या त्यांच्या बंगल्यात मी पत्त्यांच्या कॅटखाली वर्षानुवर्षं धूळ खात पडलो. बंगल्याची राखण भिकाजी करायचा. मागच्या खोलीत तो, बायको चिमाबाई आणि मुलगी यशोधरा राहत. एक दिवस त्याने बाईसाहेबांना विचारून मला मुलीसाठी मागून घेतलं आणि धुतलेल्या टॉवेलात गुंडाळून नेलं. इतका मान मला कुणी दिला नव्हता.

यशोधराने बाईसाहेबांची उत्तरं खोडरबराने पुसली आणि आपली लिहिली. चुकली की पुन्हा पुसली. माझी काही पानं त्यात पार विरली, पण मला त्याचं सुख होतं. इंग्रजीत धो धो पावसाला कुत्री-मांजरं पडतात म्हणतात, हे तिने वाचून दाखवलं तेव्हा भिकाजी पोट धरून हसला. "त्यांना म्हनावं हितं या आन् आमच्या पन्हाळी साफ करा," म्हणाला. येईल त्या पाहुण्याला तो सांगायचा, "माजी पोर विंग्रजी बोलती."

पुढे बाईसाहेब गेल्या. बंगला नातवाकडे आला. त्याला मराठी येत नव्हती, हिंदीही नाही. त्याचे फोन दुपारी यायचे आणि यशोधरा तेव्हा लोणावळ्याला कॉलेजात असायची. बापाची नोकरी टिकावी म्हणून तिने माझं सातवं पान उघडलं. फोनवर मोठ्या माणसांशी अदबीने कसं बोलावं, ते त्यात होतं. भिकाजीने 'येस सर' आणि 'थँक्यू सर' झाडलोट करता करता पाठ केलं. छत्तिसाव्या पानावर 'मला समजलं नाही, कृपया पुन्हा सांगा' हेही होतं. यशोधरा तिथे थांबली आणि तिने पान उलटलं.

"ह्ये नको, आबा. साहेबांना वाटंल, ह्यांना कायच येत न्हाई."

तेव्हा मला ओरडता आलं असतं तर!

दिवाळीत फोन आला तेव्हा यशोधरा बाजारात गेली होती. संध्याकाळी भिकाजी खुशीत सांगत होता, "लय येळ बोललं साहेब. म्या समद्याला येस सर म्हनलं."

मे महिन्यात नातू स्वतः आला. सोबत पाहुण्यांना बंगले भाड्याने देणाऱ्या कंपनीची दोन माणसं होती. अंगणात उभं राहून तो यशोधराशी बोलला. मी तिच्या काखेत होतो. ती ऐकत गेली आणि तिची बोटं माझ्यात रुतत गेली.

"काय म्हनत्यात साहेब?" भिकाजीने विचारलं.

"आबा, आपल्याला खोली सोडायची हाय. म्हैनाअखेर. कंपनी तिची मानसं आननार."

"आसं कदी ठरलं?"

"दिवाळीत. त्यांनी फोनवर तुमाला इचारलं व्हतं, चालंल ना, तुमची तुमी दुसरी जागा बगाल ना. तुमी 'येस सर, थँक्यू सर' म्हनलात. त्यांना वाटलं, तुमची सोय झालीय."

भिकाजीने अंगणात पडलेला झाडू उचलून भिंतीशी नीट उभा केला.

"व्हय. म्हनलं आसंल," तो म्हणाला. "तूच शिकिवलं व्हतंस न्हवं?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. नातू निघताना यशोधराला म्हणाला, "तुझं इंग्रजी फार सुंदर आहे." सवयीने तिच्या तोंडून 'थँक्यू सर' निघालं आणि मला माझीच किळस आली.

अठरा वर्षांचा संसार एका टेम्पोत मावला. मी खिडकीतच राहिलो. विसरले की सोडून गेले, मला माहीत नाही. आता कंपनीचा माणूस गरम कप माझ्यावर ठेवतो. ठेवू दे.

मित्रांनो, मला नवं कव्हर घाला असं मी म्हणणार नाही. तुमच्या घरातल्या ज्या माणसाला ही भाषा येत नाही, त्याला 'येस' शिकवायच्या आधी छत्तिसावं पान शिकवा. माझ्यातलं ते पान अजून आहे. त्याच्यावर एकही डाग नाही, एकही कोपरा दुमडलेला नाही.