सहाव्या मजल्यावरचं घर

त्या सोमवारी संध्याकाळी रोगाया आणि सिओक एंग माझ्या टेबलासमोर येऊन बसल्या, तेव्हाच मला कळलं की दोघी वाटेत भांडून आल्यात.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी दर सोमवारी इमारतीच्या तळमजल्यावर बसते. आमचे खासदार आठवड्यातून एकदा तिथं लोकांना भेटतात, आणि लोकांची गाऱ्हाणी त्यांच्यासाठी पत्रात उतरवून देण्याचं काम माझ्याकडे आहे. पार्किंगचा दंड, मुलाची शाळा, परदेशी सुनेचा परवाना. मी लिहिते, खासदार सही करतात, पत्र त्या त्या खात्याकडे जातं.

"टीचर, लिहा," रोगाया म्हणाली. "माझं घर मला सिओक एंगच्या मुलाला विकायचंय. सरकार नाही म्हणतंय."

या दोघींना मी वर्षानुवर्षं ओळखते. सहाव्या मजल्यावर दोघींची दारं समोरासमोर. त्याआधी दोघी संगणकाचे सुटे भाग जोडणाऱ्या कारखान्यात एकाच बाकावर बसायच्या. मजुरी महाग झाली तसा कारखाना दुसऱ्या देशात गेला. सरकारनं दोघींना नवं काम शिकवलं. रोगाया शाळेच्या कँटीनमध्ये लागली, सिओक एंग सुपरमार्केटच्या गल्ल्यावर. आता रोगायाचा नवरा गेला, गुडघे कुरकुरू लागले, म्हणून तिनं वुडलँड्सला मुलीजवळ लहान घर घेतलं होतं, आणि नियमाप्रमाणे जुनं ठरावीक मुदतीत विकायचं होतं. सिओक एंगचा मुलगा जुन हाव आईजवळ घर शोधतच होता. सगळं जुळून आलं होतं.

पण आमच्या सरकारी वसाहतींत प्रत्येक इमारतीतल्या घरांत चिनी, मलय, भारतीय यांचा वाटा ठरलेला असतो, म्हणजे एकाच समाजाची वस्ती एका जागी गोळा होत नाही. आमच्या इमारतीतला चिनी वाटा भरला होता. रोगाया मलय, सिओक एंग चिनी. तिचं घर चिनी माणसाला विकता येणार नव्हतं.

"एकतीस वर्षं ही माझ्या घरी जेवतेय," सिओक एंग म्हणाली. "हिच्यासाठी वेगळं पातेलं ठेवलंय मी. डुकराचं मांस कधी त्याच्या जवळसुद्धा आलं नाही. आणखी किती मिसळायचं माणसानं?"

"हे लिहू?"

"पातेल्याचं नक्की लिहा."

मी लिहिलं. पण लिहिताना मन एका बाजूला झुकेना. चौसष्ट साली चिनी-मलय दंगल झाली तेव्हा मी सहा वर्षांची होते. आमच्या गल्लीतली चिनी घरं दोन दिवसांत रिकामी झाली, आणि माझ्याबरोबर रोज खेळणारी सू बी मला पुन्हा कधीच दिसली नाही. हा नियम कशाच्या भीतीनं झाला ते मला ठाऊक आहे. समोर बसलेल्या या दोघींना त्याची गरज नव्हती, हेही दिसत होतं.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. भाषा अगदी मऊ. आपल्या भावना समजतात, मात्र अपवाद करता येत नाही. जुनं घर विकायची मुदत चार महिने वाढवून देत आहोत. जुन हावनं लांब सेंगकांगला घर घेतलं. सिओक एंग महिनाभर तळमजल्यावरच्या खासदारांच्या फोटोकडेही बघायला तयार नव्हती.

मग रोगायाकडे गिऱ्हाइकं यायला लागली. एके दिवशी ती तणतणत माझ्या घरी आली.

"टीचर, ती बाई माझं घर विकू देत नाही! बाहेर खुर्ची टाकून बसते. एकानं भिंत पाडायचं काढलं, तर म्हणे, या भिंतीत वाळवी आहे. आहे का वाळवी? दुसऱ्याला खोल्या भाड्यानं द्यायच्या होत्या, त्याला म्हणाली वरून पाणी गळतं. चार गिऱ्हाइकं पळवली!"

मी तिच्याबरोबर वर गेले. सिओक एंग खुर्चीतच होती, वाटाणे सोलत.

"तुझं काय चाललंय?" रोगाया कडाडली. "घर माझं आहे की तुझं?"

"तुझंच."

"मग?"

"तू ते विकून जाशील गं," सिओक एंग मान वर न करता म्हणाली. "समोरच्या दारातून रोज कोण बाहेर येणार, ते मला बघायचंय. मला इथंच राहायचंय."

  रोगायानं आत जाऊन दुसरी खुर्ची आणली, समोर टाकली आणि मूठभर शेंगा ओढून घेतल्या.

"वाळवी म्हणे," ती पुटपुटली. "निदान खोटं तरी नीट बोलायचंस."

पुढच्या गिऱ्हाइकाच्या वेळी रोगायानं तिला आतच बोलावलं आणि सोफ्यावर शेजारी बसवलं. आलेलं जोडपं तरुण होतं, मलयच. रिदवान बंदरात क्रेन चालवायचा, नोरलैला इस्पितळात नर्स. नोरलैला बुजून सोफ्याच्या कडेवर टेकली. घराची मालकीण कोण, हेच तिला कळेना.

"मोठ्यानं टीव्ही लावता?" सिओक एंगनं विचारलं.

"नाही, आंटी."

"भांडता?"

रिदवाननं बायकोकडे पाहिलं. "ही भांडते. मी ऐकतो."

सिओक एंगला हसू आवरलं नाही. रोगायानं ती संधी साधली आणि थोडी किंमत कमी करून व्यवहार पक्का केला. चिनी गिऱ्हाइकं पुष्कळ, त्यांतलं एखादं चाललं असतं तर जास्त पैसे आले असते, हे तिला माहीत होतं. ते ती एकदा माझ्याजवळ बोलली, पुन्हा नाही.

सामान न्यायला लॉरी आली त्या सकाळी मीही मदतीला गेले. खोकी उतरली, लेक-जावई खाली थांबले, पण सिओक एंग कुठंच दिसेना. तिचं दार बंद. रोगायाचं तोंड उतरलं. "निरोप द्यायलासुद्धा आली नाही," ती म्हणाली, आणि किल्ली द्यायच्या आधी एकदा घर बघून घ्यावं म्हणून आम्ही दोघी पुन्हा वर गेलो.

रिकाम्या घरात सिओक एंग पँटचे पाय दुमडून फरशी पुसत होती.

"हे काय?"

"कपाटामागे किती कचरा होता बघ. ती नवी पोरगी म्हणाली असती, मलय बाईनं घर घाण ठेवलं होतं."

"ती स्वतः मलय आहे, वेडे."

"मग म्हणाली असती, रोगाया घाणेरडी होती. ते चालेल तुला?"

रोगायानं चपला काढल्या आणि दुसरं फडकं उचललं. गुडघे वाकत नव्हते म्हणून तिनं खिडक्या घेतल्या. खालून लॉरीवाला भोंगा वाजवत राहिला. मी खिडकीतून वाकून त्याला हातानंच खुणावलं, थांब बाबा, अजून स्वयंपाकघर राहिलंय.