उत्तर देणारीच्या दारी

“थोरलीला हाक मार, ती लगेच उठते.” आईचा हा आवाज फार जुना. भावंडं सगळीच जागी असायची, पण डोळे मिटून पडायची. उठायची ती थोरलीच. आई गेली, हाक तेवढी राहिली. आता ती भावंडांच्या तोंडी होती. अंथरुणाला खिळलेले वडील, आप्पाही म्हणूनच थोरलीच्या घरी.

भर दुपारी ती ऑफिसात डोळे चोळत बसली होती. ती सांभाळायची त्या कॉम्प्युटरांच्या जाळ्यात मुख्य असा कुणी नव्हताच. ठिकठिकाणच्या मशिनी एकमेकींना विचारत विचारत फाइल शोधायच्या. कुणी कुणाला विचारायचं, तो नियम तिनेच लिहिलेला: जी कधी गप्प राहिली नाही, तिला आधी विचारा. आज सगळं जाळंच रखडलं होतं.

शेजारचा सहकारी खुर्ची सरकवत आला. “बाई, सापडली! कुठल्याशा वाचनालयातली म्हातारी मशीन. अख्खं जाळं तिच्याच दारात रांग लावून उभंय.”

“आणि नव्या कोऱ्या एवढ्या आहेत, त्या?”

“लोळतायत. एकदा उत्तर चुकवलं, की तुझा नियम त्यांच्या वाटेला जात नाही. बिलंदर निघाल्या!”

“आणि ही?”

“हिला धाप लागलीय. पण उशिरा का होईना, उत्तर देतेच. म्हणून पुन्हा हिलाच विचारतात.”

थोरलीने स्क्रीनवर आपला नियम पुन्हा उघडला. नियमाने उत्तरं मोजली होती, धाप मोजली नव्हती. तिने नवी ओळ लिहिली: आधी हिच्या पाठीवरचं ओझं बघा, वाकली असेल तर पुढच्या दारी जा.

तेवढ्यात फोन वाजला. धाकटा भाऊ.

“ताई, मावशीला उद्या हॉस्पिटलातून सोडतायत. तुझ्याकडेच आणतो. आप्पांचं करतेसच, त्यात तिचंही होऊन जाईल.”

“बरं” अगदी ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं.

“ताई? ऐकतेयस ना?”

“ऐकतेय. मावशीला तुझ्याकडे ने.”

“माझ्याकडे? अगं, आम्हाला कुठलं जमतंय! तुला सवय आहे.”

“सवय कसली रे? आप्पांची कूस बदलताना हल्ली माझे हात थरथरतात. एखाद्या दिवशी ते हातातून सुटतील, अशी भीती वाटते. मी दमलेय. कधीची दमलेय. तुम्हाला कुणाला बोलले नाही, एवढंच.”