दिव्यांचे वाण

वीज एकत्रितपणे वाचवावी, ही कल्पना डोंबिवलीच्या अनुबंध सोसायटीत प्रथम नीलाताईंनी मांडली. त्या निवृत्त विज्ञानशिक्षिका. जुने दिवे काढायचे तर सर्व घरांतून एकाच वेळी, हा त्यांचा एकमेव आग्रह. सभेने टाळ्या वाजवल्या आणि सोसायटीच्या निधीतून एलईडी दिवे घेण्याचे ठरले.

वाटपाचा प्रश्न सेक्रेटरी विनीत यांच्या पत्नी ऋजुता यांनी सोडवला. संक्रांत जवळ आली होती. प्लास्टिकचे डबे आणि गाळण्या लुटण्याऐवजी हळदीकुंकवाचे वाण म्हणून दिवेच द्यावेत. पर्यावरण आणि परंपरा यांचा असा संगम साधल्याबद्दल समितीने स्वतःचेच अभिनंदन केले. संगमात कोण बुडेल, हे पाहण्याची तेथे रीत नव्हती.

नीलाताईंना हळदीकुंकवाचे बोलावणे आले नाही. त्यांचे यजमान गेल्या वर्षी वारले होते. त्यांना वगळावे, असे कोणी ठरवले नव्हते. काही गोष्टी ठरवाव्या लागत नाहीत, हेच त्यांचे सामर्थ्य. समोरच्या माया कांबळे यांनाही बोलावणे नव्हते, कारण ‘त्यांच्यात करत नाहीत’. ही माहिती त्यांना न विचारताच सर्वांना होती.

पुढे शहरात वीजबचतीची मोहीम चालवणाऱ्या एका संस्थेकडून सोसायटीची पाहणी ठरली. प्रत्येक घरातील दिवे बदललेले असतील, तरच सोसायटीला सन्मानफलक मिळणार होता. तेव्हा कुठे दोन घरांची आठवण झाली. ऋजुता पिशवी घेऊन जिन्यात आल्या.

“ताई, हे तुमचे दिवे. गडबडीत राहूनच गेले बघा.”

“गडबडीत नाही गं. अगदी शिस्तीत राहिले.”

“मी नाही हो मानत यातलं काही. पण बाकीच्या बायका, तुम्हाला माहितीच आहे.”

“माहिती आहे. म्हणून तर जिन्यात देते आहेस.”

समोरचे दार उघडेच होते. “माझे पण आहेत का गं त्यात?” माया आतून म्हणाल्या. “तिळगूळ नसला तरी चालेल.”

“खाली दे, सगळ्यांसमोर,” नीलाताई म्हणाल्या. “दोघींनाही. लगेच लावू.”

ऋजुता पिशवीसह परतल्या. नीलाताईंनी दार लावले. आपल्याच हट्टापायी आपलीच मोहीम फसणार, हे त्यांना दिसत होते.

पाहणीस आलेल्या ऋतिका या तरुणीने संध्याकाळी अंगणातून वर पाहिले. शुभ्र खिडक्यांच्या रांगेत दोन पिवळ्या.

“ती बंद घरं आहेत,” विनीत म्हणाले.

“बंद घरांत दिवे लागतात?”

नीलाताई मायांसह तोवर खाली आल्या होत्या. “बंद नाहीत. आम्ही राहतो तिथे.”

“मग दिवे का नाही बदलले?”

“वाण होतं ते. आम्हाला मिळालं नाही.”

ऋतिकाला सारे समजले की नाही, सांगता येत नाही. “मग आत्ता द्या ना,” ती म्हणाली.

इतकी सोपी सूचना ऐकून अंगणातील सुशिक्षित मंडळी अवघडली. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. शेवटी ऋजुता यांनी ऑफिसातून पिशवी आणली आणि दोन्ही हातांनी पुढे केली. नजर मात्र ऋतिकाकडे. नीलाताईंनी आधी मायांचे दिवे त्यांच्या हाती दिले, मग आपले घेतले. दोघी वर गेल्या. थोड्या वेळाने खिडक्या एकामागून एक पांढऱ्या झाल्या.

फलक मिळाला. आभाराच्या भाषणात विनीत म्हणाले, की दोन घरांबाबत ऐनवेळी काही तांत्रिक अडचण उद्भवली होती, ती समितीने तत्परतेने दूर केली.