भरतीच्या गाण्याचा फेर

बेटावरच्या शेंबड्या पोरालाही एक गोष्ट ठाऊक असते. देवाचं गाणं चालू असताना फेरात पायावरून पाय गेला, की तो नाच झाला, आणि देवाच्या दारात नाच झाला की पाप झालं. पाय घासत न्यायचे, टाचेनं ठेका धरायचा, एका पायानं दुसऱ्याला ओलांडायचं नाही. एवढं पाळलं तर हवा तेवढा वेळ फिरा, देव काही बोलत नाही. ड्रुसिलामायच्या आजीची आजी गुलामगिरीच्या काळात मालकाच्या भातखाचरांत दिवसभर राबून यायची आणि अंगावरचा चिखल वाळायच्या आत असाच फेर धरायची. तेव्हापासून त्या घराण्यात कुणी पाय ओलांडला नव्हता.

आणि नात निघाली बॅलेवाली! बॅलेत म्हणे पहिल्याच दिवशी पायापुढे पाय घट्ट चिकटवून उभं राहायला शिकवतात. जुनियाची आई, ड्रुसिलामायची लेक रोएना, लवकर गेली. पोर आजीच्या हाती आली. ती बॅले शिकायचं म्हणून हटून बसली तेव्हा ड्रुसिलामायनं तिला अडवलं नाही. गवताच्या टोपल्या विणून, विकून तिला पलीकडच्या सव्हाना शहरात धाडली आणि जाताना एकच ताकीद दिली, "जगाच्या गाण्यावर पायांच्या हव्या तेवढ्या गाठी मार. देवाच्या गाण्यावर नाही."

म्हणून त्या सकाळी जुनिया लाँचमधून उतरून आली, ओसरीच्या पायरीवर बसली आणि काही बोलेचना, तेव्हा ड्रुसिलामायनं ओळखलं, पाणी कुठंतरी मुरतंय. चमच्याच्या दांड्याचा केलेला दाभण तिनं गवतात खुपसला.

"बोल आता. मांजर दुधाकडे बघतं तशी बघू नकोस माझ्याकडे."

"आजी, मी नवा नाच बसवलाय. येत्या शनिवारी आणि रविवारी आहे, सव्हानाला. दुपारचा."

"बरं."

"आपल्या गाण्यांवर आहे."

"आपल्या म्हणजे कुणाच्या?"

"प्रार्थनाघरातल्या. आणि शेवटी..." जुनिया पायरीवरची वाळू झटकू लागली. "शेवटी भरतीचं गाणं."

दाभण थांबला. भरतीचं गाणं हे ड्रुसिलामायचं. तिच्या आईनं ते तिच्या हाती दिलं होतं, आणि ती जिवंत असताना बेटावर दुसरं कुणी त्याची पहिली ओळ उचलत नसे. बाकीच्यांनी मागून उत्तर द्यायचं.

"विचारायला आलीस की सांगायला?"

"विचारायला."

"पोरं तयार झाली, तिकिटं खपली, आणि आता विचारायला! वरात दारात आल्यावर मुलगी पसंत आहे का, असं विचारतेस होय गं?"

जुनियानं मान खाली घातली. मग हळूच म्हणाली, "तू नको म्हणालीस तर मी तो भाग काढून टाकीन. शपथ. पण आजी, आधीची सगळी गाणी ओझ्याची आहेत, ताटातुटीची आहेत. भरतीचं काढलं तर माणसं रडतील आणि तशीच रडत घरी जातील. नाच आशेचा आहे असं आम्ही बाहेर मोठ्या अक्षरांत लावलंय. आणि आशा तेवढीच आहे गं त्यात, शेवटी."

ड्रुसिलामायनं समुद्राकडे बघितलं. ओहोटी होती, दलदलीत खेकडे पळत होते. खरं सांगायचं तर आशेचा तुटवडा तिच्याकडेही होता. गेल्या वर्षअखेरीच्या प्रार्थनेला फेरात उरली होती ती मोजकी म्हातारी माणसं, आणि त्यातलीही निम्मी बाकाचा आधार घेऊन. दोन कडवी होत नाहीत तोच एकेक जण धापा टाकत बसला होता. गाणं पुरून उरत होतं, पाय पुरत नव्हते. हे दुःख तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगून काय, गुडघे मिळतात?

"मी भोपळासुद्धा वाजवून बघितल्याशिवाय घेत नाही," ती म्हणाली. "येते. माझ्या डोळ्यांनी पाय बघीन आणि मग सांगीन."

तालमीला ती रविवारची टोपी घालून गेली. सोबत ओबेड होता. प्रार्थनाघरात झाडूचा दांडा जमिनीवर आपटून तो ठेका द्यायचा. तो दांडा घेतल्याशिवाय ओबेड दात काढायलासुद्धा जात नसे. दोघं पुढच्या खुर्च्यांवर बसली, आणि आधीच्या गाण्यांवर पोरं उड्या मारू लागली.

"ती बघ, पाय कानाला लावतेय. हिला आई नाही का?" ड्रुसिलामाय म्हणाली.

"बायबलातला दावीद राजाही देवापुढे नाचला होता, ड्रुसिला."

"आणि त्याची बायको त्याला निर्लज्ज म्हणाली, तेही वाच."

"मग देवानं त्या बायकोला जन्मभर वांझ ठेवलं, तेही वाच," ओबेड म्हणाला, आणि तिनं त्याच्या दांड्याला लाथ मारली.

मग भरतीचं गाणं लागलं. ड्रुसिलामाय पुढे वाकली. तिनं एकही चेहरा बघितला नाही, एकही हात बघितला नाही. फक्त पाय. पोरं अनवाणी होती. फेर बरोबर डावीकडून चालला होता, पाय जमिनीला घासत होते, अंगं झुकत होती, वळत होती, पण पायावरून पाय जात नव्हता. एका उंच पोरानं वळताना सवयीनं पाय ओलांडला, तशी जुनिया टाळी वाजवून ओरडली, "थांबा! पुन्हा पहिल्यापासून. या गाण्यात नाही, सांगितलंय ना?"

ओबेडनं ड्रुसिलामायकडे बघितलं. तिनं त्याच्याकडे बघितलं नाही.

तालीम संपली. जुनिया येऊन समोर उभी राहिली, शाळेत निकालाला उभी राहायची तशी.

"पाय धुतल्या तांदळासारखे आहेत," ड्रुसिलामाय म्हणाली. जुनियाचा चेहरा उजळतो न उजळतो तोच ती पुढे म्हणाली, "गाणं खोटं आहे."

"आजी, मोठ्या गायकवृंदाचं रेकॉर्डिंग आहे ते. किती सुंदर..."

"सुंदर आहे, खोटं आहे. त्याला घाम नाही. आणि नळ बंद करावा तसं ते मधेच थांबलं. पोरांचे पाय अजून चालत होते, आणि गाणं तुटलं! चालत्या माणसाच्या पायाखालून कुणी पूल काढून घेतं का? फेर चालू आहे तोवर गाणारीनं तोंड मिटायचं नसतं, एवढंही विसरलीस?"

"ते मोजलेलं असतं, आजी. दिवे, पडदा, सगळं त्यावर असतं."

"मग मी गाते," ड्रुसिलामाय म्हणाली.

ओबेडनं दांडा उचलला, एकदा जमिनीवर आपटला आणि म्हणाला, "ही जमीन पोकळ आहे. छान वाजेल."

जुनियानं आजीला मिठी मारली, रडली, हसली, आणि मग तिच्यातली बॅलेवाली जागी झाली. "पण आजी, ठरल्या जागी थांबशील ना? मी पडद्याआडून हात वर करीन. तेव्हा थांबायचं."

"थांबीन की. मला काय खुळी समजलीस?"

तिच्याकडून वचन घेऊन जुनिया पोरांकडे वळली आणि त्यांना दम दिला, "आजी गात असेपर्यंत कुणाचा पाय थांबता कामा नये. तिच्या गाण्यात थांबलात तर तो तिचा अपमान आहे."

झालं. दोन्ही बाजूंनी कुलूप लावलं आणि किल्ली कुणाकडेच ठेवली नाही.

शनिवारी अख्खं बेट लाँचमध्ये बसलं. टोप्या, हातपंखे, तांबड्या भाताचं मोठं पातेलं. पडद्यामागे पोरं हातात हात घेऊन उभी राहिली, आणि ड्रुसिलामायला प्रार्थना करायला सांगितली. तिथली सगळी व्यवस्था बघणारी फिलिसबाई म्हणाली, "माय, थोडक्यात हं."

ड्रुसिलामायनं डोळे मिटले. "प्रभू, आज सकाळी तू मला उठवलंस त्याबद्दल उपकार. माझ्या अंथरुणाची तिरडी झाली नाही, पांघरुणाचं कफन झालं नाही, त्याबद्दल उपकार. हातपाय हलतायत, जीभ हलतेय..."

"जीभ तर फारच हलतेय," ओबेड पुटपुटला.

"...आणि या ओबेडला अजून सहन करायची ताकद दिलीस त्याबद्दलही उपकार." असं करत ती फिलिसबाईच्या घड्याळाची पर्वा न करता पोरांच्या आयांपर्यंत, आज्यांपर्यंत पोचली, आणि "आमेन" आलं तेव्हा उंच पोराचे डोळे ओले होते आणि फिलिसबाईची नखं चावून झाली होती.

खेळ सुरू झाला. शहरातली माणसं चर्चमध्ये बसावं तशी गप्प होती. बेटावरची माणसं चर्चमध्ये बसतात तशी बसली होती, म्हणजे अजिबात गप्प नव्हती. एखादी पोर हवेत उडाली की मागून कुणीतरी म्हणायचं, "धर तिला, प्रभू!" आधी शहरवाल्यांनी मागं वळून बघितलं. तिसऱ्या गाण्यापर्यंत तेही हुंकार देऊ लागले.

मग रंगमंचाच्या कडेला उजेड आला. ओबेड स्टुलावर, मागे उत्तर देणाऱ्या बायका, पुढे ड्रुसिलामाय. दांडा पडला. तिनं ओळ उचलली:

"चिखलात रुतली होडी गं—"

"भरती येनार, भरती येनार!"

"वल्हं मोडलं, हात शिनलं—"

"भरती येनार, भरती येनार!"

फेर फिरू लागला. ड्रुसिलामायचे डोळे पायांवर होते, दुसरीकडे कुठंच नव्हते. ठरलेली जागा आली. पडद्याआड जुनियानं हात वर केला. ड्रुसिलामायला दिसत होते ते चालते पाय. तिनं पुढचं कडवं उचललं. पोरांना ऐकू येत होतं ते गाणं. त्यांनी पुढचा फेरा घेतला. जुनियानं दोन्ही हात वर केले. मग उडी मारली.

"थांबव तिला!" फिलिसबाई कुजबुजली.

"माझी आजी आहे ती. तुम्ही थांबवून बघा!"

दिवे मंदावले, मग कुणीतरी घाबरून परत मोठे केले. बसवलेला नाच केव्हाच संपला होता. पोरांनी एकमेकांकडे बघितलं. आता करायचं काय? उंच पोरानं खांदे सैल सोडले, गुडघे थोडे वाकवले आणि नुसता टाचेच्या ठेक्यावर घासत चालू लागला. त्याच्यामागून दुसरी, तिसरा. हातांची नक्षी गळून पडली. सराव गळून पडला. उरला तो फेर, प्रार्थनाघरातला, भातखाचरातला. समोरची अख्खी गर्दी उभी राहून उत्तर देत होती, "भरती येनार!"

ड्रुसिलामायला दम लागला होता. छाती भात्यासारखी चालली होती. पण तिच्या मनात एकच गोष्ट घुमत होती. पाय थकत नव्हते! कितीतरी वर्षांनी तिच्या गाण्याच्या आधी पाय थकले नव्हते. कुठल्या कुठल्या गावांची, कुणाकुणाची ही पोरं, बेटावरचं एकही नाही, आणि चालली होती. प्रभू, उपकार. आणखी एक कडवं. उपकार. आणखी एक. मी पडले तरी चालेल, पण यांच्या पायाखालून पूल काढणार नाही.

जुनियानं ते बघितलं. आजी कोसळेल, पण थांबणार नाही. तिनं बूट भिरकावले आणि ती फेरात शिरली.

ती डावी टाच किंचित ओढत चालत होती. रोएना अशीच चालायची. ही चाल पोरीला कुणी शिकवली नव्हती. ड्रुसिलामायचा आवाज एका क्षणी चिरला, पण तिनं ओळ पडू दिली नाही. फेर घेत घेत जुनिया आजीच्या समोर आली, तिच्या डोळ्यांत बघितलं, आणि पाय मंद केले. तिच्यामागचे पाय मंद झाले. एकेक टाच निवत गेली, जशी आच काढल्यावर भाताची उकळी निवते. सगळ्यांत शेवटी जुनियाचा पाय थांबला.

तेव्हा ड्रुसिलामायनं ओळ खाली उतरवली आणि तोंड मिटलं. ओबेडचा दांडा एकदा पडला.

पुढे काय झालं ते सांगायला नको. टाळ्या सगळ्यांनी ऐकल्या आहेत.

आतल्या खोलीत पातेल्याचं झाकण निघालं. तांबडा भात, तळलेली मासळी. पोरं दुष्काळातून आल्यासारखी तुटून पडली.

"माय," फिलिसबाई म्हणाली. तिला रागवायचं होतं, पण नाक रडून लाल झालं होतं. "उद्या असं चालायचं नाही हं."

"आजी, तू शब्द दिला होतास," जुनिया म्हणाली.

"दिला होता. मग तुझ्या पोरांनी पाय का नाही थांबवले?"

"आम्हाला सांगितलं होतं गाणं थांबल्याशिवाय थांबायचं नाही," उंच पोरगा तोंडात घास ठेवून म्हणाला. ओबेड हसता हसता ठसका लागून निळा पडला. दोन बायकांनी त्याची पाठ बडवली.

ड्रुसिलामाय हसली नाही. तिनं जुनियाला शेजारी बसवलं आणि तिचे पाय ओढून आपल्या मांडीवर घेतले. अंगठ्यांची नखं काळी पडली होती, टाचा फुटल्या होत्या. त्यापेक्षा रताळ्यांची पाटी बरी. ती अंगठ्यानं तळवे चोळू लागली. जुनियानं पाय ओढून घ्यायला बघितलं, तिनं घेऊ दिले नाहीत.

"उद्या माझा आवाज नसणार," आजी घोगऱ्या आवाजात म्हणाली. "आजच फाटलाय. उद्या तू ओळ उचल."

मागच्या बायकांनी चमचे खाली ठेवले.

"मी? आणि तू?"

"मी मागे बसेन. उत्तर देईन. माझ्या आईनं माझ्यामागून दिलं होतं, तसं." मग तिनं नजर तळव्यावरच ठेवली आणि म्हणाली, "मला वाटलं होतं, हे गाणं माझ्याबरोबर मातीत जाणार. तू ते माणसांत नेलंस. उपकार झाले तुझे, पोरी."

ड्रुसिलामायच्या तोंडून देवाशिवाय कुणाचे उपकार तिथल्या कुणीच ऐकले नव्हते. ओबेडसुद्धा खोकायचा थांबला.

जुनियानं डोळे पुसले, घास गिळला, आणि अगदी हलकेच, घाबरत घाबरत पहिली ओळ लावून बघितली. आवाज वर गेला, कापला.

"खाली घे," आजी म्हणाली. "एवढ्या उंच चढलीस तर मागच्यांनी उत्तर कुठून द्यायचं? त्यांना जागा ठेव."

जुनियानं सूर खाली घेतला. मागून पहिलं उत्तर आलं, ते एका घोगऱ्या, फाटक्या आवाजाचं.