बेचाळीस मिनिटांत सांगली

लखनौच्या मराठी मंडळींना व्याख्यानाशिवाय काहीच पचत नसे, आंबेसुद्धा नाही. दर जूनमध्ये मंडळाची बस मलिहाबादच्या एका बागेत जायची. दशहरी आंबे बादल्यांत गार पाण्यात सोडलेले असायचे, मंडळी सतरंजीवर बसायची, आणि वक्त्याचं बोलून होऊन आभार मानले जाईपर्यंत बादलीत कोणी हात घालायचा नाही, असा नियम होता. तो कोणी केला ते कुणालाच आठवत नव्हतं, त्यामुळे मोडायची परवानगी कुणाकडे मागावी हेही कळत नव्हतं.

अठ्ठ्याहत्तर साली वक्ते होते प्राध्यापक हेमचंद्र ठोसर. ते विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकवत. विषय होता उष्णतेचे नियम. ते बोलत राहिले आणि बादल्यांतलं पाणी कोमट झालं. प्रात्यक्षिक म्हणून ते उत्तम होतं, पण त्याचं श्रेय त्यांना कोणी दिलं नाही.

पुढच्या वर्षी मंडळाचे चिटणीस बाबूराव यांनी दिनकरचं नाव काढलं. दिनकर हेमचंद्रांचा मित्र, एका संशोधन संस्थेत दगडात दबलेल्या पानांचा अभ्यास करायचा. एकटा राहायचा. दर रविवारी तो ठोसरांकडे पोह्यांना येई. त्याच्या बशीत खोबरं जरा सढळ हाताने पडतं, असं हेमचंद्रांच्या लक्षात आलं होतं. खोबरं घालणारा हात त्यांच्या बायकोचा, अरुणाचा होता. मोजायची काही सोय असती तर त्यांनी मोजलंही असतं.

"भाऊजी बोलतात किती छान नाही?" दिनकर गेल्यावर अरुणा म्हणायची.

"काय छान? आज फक्त भेंडीच्या भाजीबद्दल बोलला तो."

"तेच तर."

त्याच दिनकरने एका रविवारी पोहे संपवून विचारलं, "अरे हेमा, पानांबद्दल बोललो तर लोक आंब्याआधीच आडवे होतील. तुझ्याकडचं एखादं गमतीचं दे की."

हेमचंद्रांनी जरा विचार केला. मग त्यांनी त्याला बोगदा दिला.

पृथ्वीच्या आरपार सरळ भोक पाडायचं, त्यातली हवा काढून घ्यायची आणि वरून माणूस सोडायचा. मध्यापर्यंत त्याचा वेग वाढत जातो, मध्यानंतर कमी होत जातो, आणि पलीकडच्या तोंडाशी पोचतो तेव्हा वेग बरोबर शून्य. सगळी मिळून बेचाळीस मिनिटं. आणि भोक मध्यातूनच पाडायला हवं असंही नाही. दोन गावांमध्ये सरळ रेषेत, तिरकं पाडलं तरी चालेल. गावं जवळ असली तर अंतर कमी, पण ओढही त्याच मानाने कमी. वेळ तोच, बेचाळीस मिनिटं. हे सगळं हेमचंद्रांनी नीट समजावून दिलं. एवढंच सांगितलं नाही की पृथ्वी स्वतःभोवती फिरत असते, आणि म्हणून वरून सोडलेला माणूस मध्याकडे जाता जाता पूर्वेच्या भिंतीवर जाऊन आदळेल. हे त्यांनी प्रश्नोत्तरांसाठी राखून ठेवलं. मंडळात कोणी प्रश्न विचारत नसे, पण या वर्षी ते विचारणार होते. अरुणासमोर.

बागेत दिनकर उभा राहिला तेव्हा त्याच्या एका हातात आंबा होता आणि दुसऱ्या हातात विणायची सुई. सुई हेमचंद्रांनी लगेच ओळखली. त्याच सुईवर त्यांचा राखाडी स्वेटर गेले दोन हिवाळे एका बाहीवर थांबला होता.

"ही सुई कुठून आली?" त्यांनी हळूच विचारलं.

"मागितली त्यांनी, दिली," अरुणा म्हणाली. "नाहीतरी पडूनच होती. गप्प बसा, ऐकू द्या."

दिनकरने सुई आंब्याच्या मधोमध खुपसली. ती कोयीला जाऊन अडली.

"बघा, मधून जायचं म्हटलं की कोय आड येते," तो म्हणाला. "आणि समजा गेलोच लखनौतून सरळ आरपार, तर पलीकडे काय आहे?"

"अमेरिका," बाबूराव म्हणाले.

"समुद्र. नुसता समुद्र."

"म्हणजे सगळं पाणी इकडेच येणार. नगरपालिकेला कळवायला पाहिजे."

मंडळी हसली. हेमचंद्र हसले नाहीत. समुद्राचं त्यांनीच सांगितलं होतं, तेव्हा कोणी हसलं नव्हतं.

"पण आपल्याला समुद्रात जायचंय कशाला?" दिनकरने सुई काढून कोयीच्या बाजूने तिरकी घातली. ती अलगद पलीकडे निघाली. "आपल्याला जायचंय घरी. बाबूराव, तुमचं अकोला. झाशीला गाडी बदला, भुसावळला बदला, दीड दिवस. आता? बेचाळीस मिनिटं. इंजीन नाही, कोळसा नाही. आपल्याच वजनाने घसरत जायचं. भिंतीला हवं तर साजूक तूप लावा."

"आणि आमचं परभणी?" मागून वासंतीताईंनी विचारलं.

"बेचाळीस."

"परभणी जवळ आहे अकोल्यापेक्षा की लांब?"

"काहीही असो. बेचाळीस."

मग सतरंजीवर एकच गलका झाला. जो तो आपापलं गाव सांगू लागला. सातारा, वर्धा, मालवण, कुणाची तर नुसती वाडी, जिचं नाव नकाशातही नव्हतं. दिनकर प्रत्येकाला तोच आकडा देत होता, आणि प्रत्येकाला तो नव्याने मिळाल्यासारखा वाटत होता. बादल्यांकडे कोणी बघत नव्हतं. हे हेमचंद्रांना फार लागलं.

"आणि वहिनी, तुमची सांगली," दिनकर म्हणाला. "सकाळी पोहे करून निघायचं, आईच्या हातचं जेवून संध्याकाळच्या चहाला परत."

अरुणाची आई सांगलीला एकटी होती. अरुणाने सुईच्या पलीकडच्या टोकाकडे बोट केलं.

"पण तिकडच्या तोंडाशी पोचल्यावर कुणी धरलंच नाही, तर?"

"तर परत लखनौ. मग परत सांगली. धरेपर्यंत हेच."

"अगंबाई."

"तुम्ही कशाला काळजी करता? मी आधी जाऊन उभा राहीन ना तिथे. हात दिला की झालं."

अरुणा हसली. तसं हसणं हेमचंद्रांच्या वाट्याला शेवटचं कधी आलं होतं, हे आठवायचा त्यांनी प्रयत्न केला आणि मग उठून उभेच राहिले.

"एक शंका आहे."

बाबूराव आभार मानायला उठत होते, ते अर्धवट खाली बसले. "सर, छोटीशीच ना? आंबे..."

"पृथ्वी फिरते, याचं काय?"

दिनकर गोंधळला. "फिरते ना. मग?"

"मग तो माणूस खाली जात असताना पूर्वेच्या भिंतीवर आदळेल. वरच्या जमिनीचा वेग जास्त, आतल्या भागाचा कमी. वरचा वेग घेऊन आत गेलेला माणूस सरळ पडणारच नाही. मूळ आधारच चुकला म्हटल्यावर पुढचं काय बोलायचं?" शेवटचं वाक्य त्यांनी आठवडाभर घोळवलं होतं. बागेत ते आरशासमोर म्हटल्यापेक्षा लहान वाटलं.

दिनकरने आंबा खाली ठेवला आणि हात जोडले. "बरोबर असणार. मंडळी, माझं यात काही नाही हो. हे सगळं मला हेमानेच शिकवलं. शिकवत होता तेव्हा त्याची पृथ्वी थांबलेली होती, एवढंच."

हसू इतकं मोठं झालं की बागेचा माळी उठून बघायला आला. हेमचंद्र उभेच होते. आता बसलं तर हरल्यासारखं होईल आणि उभं राहिलं तरी तेच, असा तो प्रसंग होता.

तेवढ्यात अरुणा म्हणाली, "पण सांगलीच्या बोगद्यात भिंतीला टेकून घसरतच जायचंय ना? लागली पूर्वेची भिंत तर लागली. तूप लावलंय की."

हेमचंद्रांनी मनातल्या मनात समीकरण मांडून पाहिलं. बायकोचं बरोबर होतं. गुळगुळीत भिंत म्हटल्यावर वेळात फारसा फरक पडत नव्हता. पंचवीस मुलांच्या वर्गात गेल्या कित्येक वर्षांत हे कोणी बोललं नव्हतं.

"वा वहिनी," दिनकर म्हणाला.

"आभार," बाबूराव घाईने म्हणाले, आणि लोक बादल्यांवर तुटून पडले.

संध्याकाळी बस लखनौला परतली. हजरतगंजला उतरून सायकलरिक्षा केली, तेव्हा अरुणा म्हणाली, "फिरण्याचं त्यांना मुद्दाम सांगितलं नाहीत ना?"

"राहून गेलं."

"तुमचं काही राहत नाही. दुधवाल्याचं पाणी पकडता तुम्ही."

हेमचंद्रांनी नजर रिक्षावाल्याच्या पाठीकडे वळवली. मग म्हणाले, "हा बोगदा मी तुला लग्नाच्या पहिल्या उन्हाळ्यात सांगितला होता. दिनकरच्या कितीतरी आधी. कॅलेंडरच्या मागे आकृती काढून. तुला आठवतही नसेल."

"आठवतं की. एक गोल होता, त्यात एक रेघ होती. रेघेच्या एका टोकाला अ आणि दुसऱ्या टोकाला ब."

"मग?"

"मग काय. त्यात सांगली नव्हती."

 सांगली त्यांच्या विषयात येत नव्हती. गल्लीच्या तोंडाशी खड्डा आला, रिक्षा हेलकावली आणि अरुणा त्यांच्यावर आदळली, सरळ पूर्वेकडून. ती लगेच सावरून बसली.

घराशी हेमचंद्र आधी उतरले. वळून म्हणाले, "दिनकरने कशाला आधी जाऊन उभं राहायचं? मी राहीन ना." आणि त्यांनी हात पुढे केला.

अरुणाने त्या हाताकडे पाहिलं. मग पायाशी ठेवलेली आंब्यांची पिशवी उचलून तिने त्यांच्या हातात दिली.

"जड आहे. नीट धरा," ती म्हणाली, आणि दुसऱ्या बाजूने आपली आपण उतरली. "त्यातले वरचे चार बाजूला काढा. भाऊजी रविवारी येतील."