काटा लालवर

उन्हाच्या लाटेचा तो नववा दिवस. सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून मी दोन दिवस रजेवर होते. तिसऱ्या दिवशी सकाळी आठला जंगलखात्याच्या चौकीवर आले आणि फाटकाच्या कडीला लावलेला हात लगेच मागे घेतला. इतक्या सकाळी कडी चटका देत होती.

माझं काम तसं छोटं आहे. चौकीमागे कुंपणात झडपांची एक पांढरी लाकडी पेटी आहे. तिच्यात दोन थर्मामीटर. एक साधा. दुसऱ्याच्या टोकाला मलमलीची चिंधी गुंडाळलेली, आणि चिंधीचं शेपूट खाली पाण्याच्या वाटीत सोडलेलं. हवा कोरडी असली की चिंधीतलं पाणी भराभर उडतं आणि तो थर्मामीटर खाली उतरतो. दोघांतला फरक मोठा, तर वणव्याचा धोका मोठा. सकाळी आठला आणि दुपारी बाराला हा फरक वहीत लिहायचा आणि त्याप्रमाणे रस्त्याकडेच्या फलकावरचा काटा फिरवायचा. हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल. सतरा वर्षं हेच करते आहे. दिसेल तेच लिहायचं, दुपारची नोंद झाल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही आणि कोणावर आवाज चढवायचा नाही, हे माझे रोजचे नेम. देवाने आजवर निभावून नेले.

पेटी उघडली. साधा थर्मामीटर छत्तीस. चिंधीवाला छत्तीस.

दोन्ही सारखे येतात ते दाट धुक्यात, नाहीतर दिवसभर पाऊस लागून राहिला तर. आणि माझ्या पायाखालचं गवत पाऊल टाकेल तिथे कुरकुर मोडत होतं.

वाटी ठणठणीत कोरडी होती. चिंधी खळ घातलेल्या कॉलरसारखी ताठ झाली होती.

"तात्या," मी आत जाऊन विचारलं. तात्या आमचे कारकून. माझ्या रजेत नोंदी त्यांनीच घेतल्या होत्या. "वाटीत पाणी कधी घातलं होतं?"

"कुठल्या वाटीत?"

मी पेटीकडे बोट दाखवलं. त्यांचा चेहरा हळूहळू पडला.

"अहो ताई, दोन्ही आकडे सारखे आले. मी म्हटलं, चला, वजाबाकीची कटकट गेली!"

दोन दिवस वहीत सुंदर अक्षरात लिहिलं होतं: हवा पूर्ण दमट. उन्हाळ्यात काटा हिरव्यावर न्यायचा नाही असा नियम, म्हणून तो पिवळ्यावर. आणि पिवळ्यावर काटा होता म्हणून डोंगरमाथ्यावर वेल्डिंगची परवानगी दिली गेली होती. जुनी पाइपलाइन फुटल्याने शहराच्या नळांना तीन दिवस पाणी नव्हतं. नव्या लाइनचे दोनच सांधे जोडायचे राहिले होते. माथ्यावर कमरेएवढं वाळलेलं गवत, उताराखाली साडेतीनशे घरांची वस्ती आणि तिथून बाहेर पडायला एकच रस्ता. दुपारी वारा रोज माथ्यावरून वस्तीकडे उतरतो.

वेल्डिंगच्या टोळीचे मुकादम माझे धाकटे दीर होते.

मी वाटी भरली, चिंधी भिजवली, पंधरा मिनिटं थांबले. चिंधीवाला उतरत उतरत एकोणीसवर आला. तक्त्यात पाहिलं. हवेत ओल अठरा टक्के, तीही सकाळी! मी पाना घेतला, फलकाची चाकी सैल केली आणि काटा पिवळा ओलांडून, नारिंगी ओलांडून लालवर नेला.

चौकीचे साहेब मानेवर ओला टॉवेल टाकून बाहेर आले. "मॅडम, हे काय चाललंय?"

मी वही दाखवली, चिंधीचं सांगितलं.

"म्हणजे आपण दोन दिवस चुकीचं पत्रक काढलं, असं मी वर कळवू?"

"हो साहेब."

"हो काय हो! नळाला पाणी नाही, लोक मला फाडून खातील. दोन सांधे, दोन तासांचं काम. तुम्ही काटा खाली घ्या. बाराच्या नोंदीनंतर बघू."

"बाराला वारा सुटतो. तेव्हा बघायला उशीर झालेला असेल."

"टँकर उभा करतो तिथे, झालं समाधान?"

"कुठलं पाणी भरून, साहेब?"

तात्यांना खोकला आला. साहेबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की तो तिथल्या तिथे बरा झाला.

"हा हुकूम आहे. काटा खाली."

मी वही उघडून पेन पुढे केलं. "तुम्ही लिहा. 'आठ वाजून चाळीस मिनिटांनी माझ्या सांगण्यावरून काटा खाली घेतला.' खाली सही करा. मी घेते."

पेन माझ्याच हातात राहिलं. मग साहेब म्हणाले, "मेमो मिळेल तुम्हाला," आणि आत गेले. टोळीला थांबवायचा फोन मात्र त्यांनी केला नाही. मी दिरांना लावला. माथ्यावर रेंज नव्हती.

स्कूटर होती. बाराची नोंद तात्यांवर सोपवली, आधी वाटीत पाणी आहे ना ते बघायला लावलं आणि निघाले. वारा तोंडावर येत होता, पण तो भट्टीचं दार उघडल्यासारखा. वाटेत एक झाड असं दिसलं नाही ज्याच्या सावलीला गाई नव्हत्या.

माथ्यावर गॅसची नळकांडी उभी होती. दिरांनी डोळ्यांवरची काच वर केली.

"वहिनी! आईला काही झालं का?"

"आई ठणठणीत आहेत. पट्टी कधी काढणार म्हणून डॉक्टरांना झापताहेत. काम थांबवा भाऊजी. काटा लाल आहे."

"पिवळा आहे. परवानगी खिशात आहे माझ्या."

मी त्यांना वाटीचं सांगितलं. पोरं हसली. "मुकादम, एका चिंधीने आपलं काम बंद पाडलं की!"

दिरांना हसू आलं नाही. "वहिनी, घरी तुम्ही मला आग्रह करकरून वाढता आणि इथे भरल्या ताटावरून उठवता? शहर तहानलंय. आपल्या घरचा नळसुद्धा कोरडा पडलाय. चार बाजूंचं गवत कापलंय आम्ही, बघा."

चार हात कापलं होतं खरं. मी त्यापलीकडे वाकून एक काडी उपटली आणि त्यांच्यासमोर वाकवली. ती वाकली नाही. कडकन मोडली आणि बोटांवर तिची पूड उरली.

"ग्राइंडरची ठिणगी किती लांब उडते, भाऊजी?"

त्यांची नजर कापलेल्या गवताच्या कडेवर गेली. ते चांगले कारागीर आहेत. खोटं त्यांना पटकन सुचत नाही. शेवटी म्हणाले, "दोनच तास, वहिनी. मी स्वतः उभा राहतो. आता बाजूला व्हा."

मी छत्री उघडली आणि दोन पाइपांच्या मधल्या सांध्यावर जाऊन बसले. पाइप तापलेला होता. पदराची घडी करून खाली घेतली.

"हे काय?"

"बसले."

"उठा!"

"उठवा."

सगळी टोळी आमच्याकडे बघत होती. दिरांनी डोक्याला हात लावला, चार पावलं गेले, परत आले. माझ्या अंगाला हात लावून मला उठवणं त्यांना जन्मात जमणार नव्हतं, हे मला ठाऊक होतं आणि त्याचा मी पुरेपूर फायदा घेत होते. देवाने माफ करावं.

"आईला सांगतो मी!"

"सांगा. त्या माझ्यासारखं हळू बोलणार नाहीत, एवढं लक्षात ठेवा."

एक पोरगं खो खो हसलं आणि दिरांनी त्याला पाण्याचा कॅन आणायला पिटाळलं. कॅनमधला पहिला पेला त्यांनी मलाच आणून दिला. रागातच, अर्धा सांडत. बारा वाजायचे होते, पण पाणी माझ्या नेमात बसतं. मी प्यायले आणि मनातल्या मनात नाम घेत राहिले. भीती वाटत होती. नोकरीची वाटत होतीच, पण त्याहून जास्त या माणसाची, जो उद्यापासून माझ्या हातचं जेवेल की नाही, कळत नव्हतं.

साडेबाराला साहेबांची जीप आली. सोबत तात्याही होते, वही छातीशी धरून.

"काम चालू करा," साहेब जीपमधून उतरताच म्हणाले. "मुकादम, बाईंना बाजूला करा."

"वाचा तात्या," मी म्हणाले.

तात्यांनी साहेबांकडे पाहिलं नाही. "कोरडा चव्वेचाळीस. चिंधीवाला वीस. ओल आठ टक्के. वजाबाकी तीनदा केली."

नेमका तेव्हाच वारा उतरला. कमरेएवढं गवत एका दिशेला आडवं झालं, आणि ती दिशा वस्तीची होती. खाली कोणीतरी छपरावर कपडे वाळत घातले होते, ते इथून ठिपक्यांसारखे दिसत होते. दीर तिकडे बघत राहिले. मग नळकांड्यापाशी गेले आणि झडप फिरवून बंद केली.

"मुकादम!" साहेब ओरडले.

"साहेब, माझ्या कागदावर पिवळा लिहिलंय. काटा लाल आहे. लालवर ठिणगी टाकायची तर तुमच्या हाताने टाका, मी काच देतो." त्यांनी डोळ्यांवरची काच काढून खरंच पुढे केली. "गोदामात बोल्ट लावून आवळायचे पट्टे आहेत. हाताने आवळू. पाणी आज रात्री नाही, उद्या सकाळी सुटेल."

"आणि रात्रभर लोकांनी काय करायचं?"

"शिव्या द्यायच्या," दीर म्हणाले. "मला द्या म्हणावं. घरं शाबूत असलेल्या माणसांच्या शिव्या चालतात मला."

साहेबांनी काच घेतली नाही. त्यांनी आडव्या झालेल्या गवताकडे पाहिलं. मग जीपमधून एक पाकीट आणून त्यांनी माझ्या हातात दिलं. "नियमाने द्यावंच लागतं मॅडम," ते म्हणाले, आणि या वेळी त्यांचा आवाजही माझ्याइतकाच खाली होता. "आणि तसंही, काय झालं सांगा? दिवस निम्मा गेला. कुठे एक ठिणगी पडली?"

"त्याच्यासाठीच बसले आहे, साहेब."

मेमोत विचारलं होतं, मी सरकारी कामात अडथळा आणला हे खरं काय, आणि असल्यास खुलासा करावा. मी तात्यांकडून पेन घेतलं, कागद गुडघ्यावर ठेवला आणि तिथेच लिहिलं: "होय, आणला. हवा उद्या अशीच राहिली तर उद्याही आणीन." खाली सही केली, वेळ घातली, आणि कागद साहेबांना परत दिला.